महानाट्यातल्या घोड्यांच्या मागची बाजू (परभणी-नांदेडकडचे अनुभव, भर घाला)

पागेकर_परभणी

राम राम मंडळी. राज्याभिषेकाचं ३५०वं वर्ष लागल्यापासून आपल्याकडं जिल्ह्याच्या गावी शिवचरित्रावरची महानाट्यं लई व्हायलीत. मैदानावर मोठ्ठा किल्ला उभा करतात, शे-दोनशे कलाकार, आणि मधूनच प्रेक्षकांच्या बाजूच्या वाटेनं घोडे येतात, तेव्हा पोरंसोरं खुर्चीवर उभी राहतात. माझ्या मामाकडं वरातीचे घोडे हायत आणि अशा प्रयोगांना आम्ही घोडे देतो. लोक सारखं विचारतात की एवढ्या तोफांच्या आवाजात घोडे बुजत कसे नाहीत, तर म्हटलं एकदा सगळंच लिहावं.

पहिली गोष्ट म्हणजे घोडे बुजतात. बुजू नये म्हणून जे काही करावं लागतं तेच मागचं काम, बाकी खोगीर घालणं-काढणं तर काय कुणीबी करंल.

घोडे प्रयोगाच्या आधीच आणावे लागतात, त्याच दिवशी आणून स्टेजवर घातले की घात. जागा मिळते ती स्टेजच्या मागं, जनरेटरच्या शेजारी, कारण बाकी सगळीकडं कलाकारांचे तंबू, मेकअप, जेवणाचा मंडप. मामा आल्या आल्या आधी जनरेटरवाल्याशी भांडतो, मग पाण्याचा टँकर कुठं उभा राहणार ते बघतो, मग घोडे उतरवतो. अगाडी-पिछाडी (घोड्याचे पुढचे-मागचे दोर) बांधायला मेखा ठोकायच्या, खाली बारदान नाहीतर भुसा, आणि कोण कुणाशेजारी हे मामाच ठरवणार. नर आणि घोडी लांब. एखादी घोडी माजावर असली तर तिला परत पाठवायची, तेवढी सोय नसली तर नरांच्या नाकपुडीला विक्स लावायचं म्हणजे वास लागत नाही. हे ऐकून नाटकातली मंडळी हसतात, पण माजावरच्या घोडीपायी दरबाराच्या सीनमध्ये जे होऊ शकतं ते त्यांनी बघितलेलं नसतं.

दुसरं म्हणजे रॅम्प. प्लायवूडवर टाप पडली की ढोलासारखा आवाज येतो आणि घोडं स्वतःच्याच पायाच्या आवाजाला घाबरतं. वर लोखंडी नाल, प्लायवर सटकतोच. म्हणून काथ्याची चटई आणि तिच्यावर ओलसर माती. सेटवाल्यांना हे आवडत नाही, त्यांचा रंग खराब होतो, पण इथं मामा ऐकत नाही, मातीची ट्रॉली आली नाही तर घोडा वर चढणार नाही म्हणून सांगतो. नालबंद चाचा प्रयोगाच्या आदल्या दिवशी येऊन एकेक खूर उचलून खिळे बघून जातात.

बाकीचं नंतर लिहितो, वैरण टाकायची वेळ झाली.

तेरणाकाठची_वैशू

मस्त लिहिलंय दादा. आम्ही लातूरला बघितलं होतं असं नाटक, सासूबाईंना घेऊन गेले होते. मला एक सांगा, जो घोडा महाराजांपुढं पुढचे दोन पाय उचलून मुजरा केल्यासारखं करतो तो मारून शिकवलेला असतो का? मुलगी तेव्हापासून विचारतेय आणि मला काय उत्तर द्यावं कळंना.

आणि अजून एक, घोड्याजवळ जे मावळे उभे होते त्यातल्या एकाच्या पायात स्पोर्ट शूज होते 😀 ते बघून आमच्याकडं सगळे हसले.

पागेकर_परभणी

@वैशूताई, ते स्पोर्ट शूजवाले मावळे म्हणजेच आम्ही 😀

राजांचं काम करणारा नट सहसा चांगला स्वार असतो. पण त्यांच्या मागून जे सरदार येतात त्यातले निम्मे लोक पहिल्यांदाच घोड्यावर बसलेले असतात, कुणी कॉलेजचा पोरगा कुणी शिक्षक. त्यांच्या हातात लगाम दिसतो फक्त, खरा घोडा मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस, धरून चालवतो. मग मोतद्दार उघडा कसा दिसणार स्टेजवर, म्हणून त्याला अंगरखा आणि पगडी. आमच्यातले एकजण तर गालाला चिकटवलेल्या कल्ल्यांनी वैतागतात, म्हणतात माझ्या खऱ्या मिशा हायत की, त्या दाखवा. पायात पायताण घातलं आणि घोड्यानं पाय दिला तर बोटं जातात, म्हणून बूट. त्याला इलाज नाही, लोक हसू देत.

मारण्याचं विचारलंत तर खरं सांगतो, दोन्ही प्रकार हायत. मामा गूळ आणि चाबकाची नुसती काठी वापरतो, काठी छातीला टेकवायची, पाय उचलला की गूळ. वेळ लई लागतो. नाचायला शिकवतात ते हलगीच्या तालावर, आधी एका जागी पाय उचलायला, मग फिरायला. पण घाईत शिकवणारेबी हायत आणि त्यांचा घोडा लगेच ओळखू येतो, माणसानं हात वर केला की मान झटकतो. असा घोडा मामा घेत नाही, कितीबी नाचू दे. तुमच्या मुलीला सांगा की तोंडाजवळ हात नेला तर घोडा मान मागं घेतो का ते बघायचं, मग तिचं तिलाच कळंल.

उदगीरचा_डॉक्टर

पशुवैद्य म्हणून थोडी भर घालतो. काटेरी लगामाबद्दल कुणी लिहिलं नाही. वरातीच्या बऱ्याच घोड्यांच्या तोंडात आतल्या बाजूला काटे असलेली पट्टी असते, जीभ आणि गालफडं फाटलेली मी स्वतः शिवलेली आहेत. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम आहेत, त्यात टोकदार काटे असलेल्या साजाला मनाई आहे. आणि खेळ करणाऱ्या जनावरांसाठी २००१ चे नोंदणीचे नियम वेगळे. प्रयोगाच्या आयोजकांनी लगाम उघडून बघायला पाहिजे, पण आयोजक फक्त घोडा पांढरा आहे का ते बघतात.

दुसरं म्हणजे बुजण्याबद्दल. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या बरोबर मागं दिसत नाही. पण त्याचे डोळे अंधारातून उजेडात आल्यावर जुळायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतात. तुम्ही त्याला मागच्या अंधारात उभा करता आणि एकदम फॉलो लाईटमध्ये (नटामागं फिरणाऱ्या झोतात) ढकलता, तेव्हा तो सुरुवातीला अर्धवट आंधळाच असतो. मग रॅम्पवरची सावली त्याला खड्डा वाटते आणि तो थबकतो, प्रेक्षक म्हणतात घोडा अडेल आहे.

पागेकर_परभणी

डॉक्टरसाहेब हे लई महत्त्वाचं बोललात. मामाला डोळ्याचं शास्त्र माहिती नाही पण तो एन्ट्रीच्या आधी घोड्याला विंगेच्या बाहेर जिथं स्टेजचा उजेड सांडतो तिथं नेऊन उभा करतो, बराच वेळ. मॅनेजर ओरडतो की प्रेक्षकांना दिसतंय, मागं घ्या. हे भांडण प्रत्येक गावी होतं.

आवाजाचंबी तसंच. पहिल्या रात्री तोफांचा ट्रॅक हळू आवाजात लावून ठेवायला सांगतो साउंडवाल्याला, घोडे खात असताना. खाता खाता ऐकलेल्या आवाजाचं भय कमी वाटतं. मग वाढवत जायचं. घोडं कंटाळलं पाहिजे त्या आवाजाला, एवढंच आमचं ट्रेनिंग. फटाके मात्र कधीच सवयीचे होत नाहीत कारण त्यांचा वास आणि उजेड दर खेपेला वेगळा. राज्याभिषेकाच्या आतषबाजीच्या आधी घोडे मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायचे असं आम्ही आधीच बोलून घेतो. तरी एका गावी ठरल्या वेळेच्या आधीच बार उडवले, पुढारी लवकर निघणार होते म्हणून. दोन घोड्यांनी मेखा उपसल्या, एक थेट पार्किंगमध्ये. नशीब कुणाला लागलं नाही.

लोह्याचा_गडी

माळेगावचं नाव कसं काय कुणी घेईना? आमच्या लोहा तालुक्यातली खंडोबाची जत्रा, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून. हे नाचणारे अन् नाटकातले बहुतेक घोडे तिथंच हात बदलतेत. घोडे, गाढवं, खेचरं, उंट सगळं येतंय. तिकडं मारवाडी, काठेवाडी घोडे घेऊन लांबून व्यापारी येतेत, आपल्याकडचे दख्खनी तट्टू बी असतेत पण पांढऱ्या नुकऱ्यालाच भाव. रुमालाखाली बोटं धरून भाव करायची पद्धत अजून काही म्हातारे पाळतेत.

नाटकासाठी घोडा घेताना आमच्याकडचे लोक काय करतेत तर बाजारात मुद्दाम तमाशाच्या तंबूजवळून फिरवून आणतेत. ढोलकी, माईक, पाळण्याचा भोंगा, सगळं एकाच ठिकाणी हाय की. तिथं कान मागं टाकले की सौदा कॅन्सल. देवमण (शुभ मानलेला केसांचा भोवरा) बघणारे देवमण बघतेत, भोवरे मोजतेत, पण शहाणा माणूस कान बघतो.

नांदेडच्या लोकांना तर घोड्यांचं नवल नाही, दसऱ्याला अन् होळीला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या 'हल्ला' नावाच्या मिरवणुकीत गर्दीतून घोडे दौडत जातेत, निहंग (शीख योद्धे) स्वार असतेत. गुरुद्वाऱ्याच्या तबेल्यातल्या घोड्यांना जी गर्दीची सवय हाय ती नाटकाच्या घोड्याला चार दिवसात कुठून येणार.

रानमोळी

वाचून छान वाटलं पण माझा सरळ प्रश्न आहे, हे सगळं करायचंच कशाला? एलईडी स्क्रीन एवढी मोठी असते, घोडे त्याच्यावर दाखवा की. वाघ-सिंह सर्कशीतून गेले तेव्हाही लोक म्हणाले होते सर्कस मरणार. मनोरंजनासाठी जनावर ताब्यात ठेवायचं आणि वर त्याला शिवाजी महाराजांचं नाव द्यायचं हे मला पटत नाही. रागावू नका.

पागेकर_परभणी

रागावतो कशाला, मलाबी कधी कधी तसंच वाटतं, विशेषतः तिसऱ्या दिवशी घोडे थकलेले असतात तेव्हा.

पण हिशोब असा हाय. घोडं बारा महिने खातं. लग्नसराई काही महिन्यांची. चातुर्मासात, पौषात एक रुपया नाही. दुष्काळाच्या वर्षी कडब्याचा भाव बघितला की मामा रात्री झोपत नाही. आणि वरातीत काय असतं ते बघा, डीजेच्या भिंतीपुढं दोन-दोन तास, खाली डांबर, डोक्यावर झुंबरं, दारू प्यालेले पाहुणे शेपूट ओढतात. महानाट्यात घोडा एकूण किती वेळ स्टेजवर असतो? काही मिनिटं. बाकीचा वेळ मागं उभा राहून वैरण खातो. माझ्या मतानं त्याच्यासाठी वरातीपेक्षा हे काम दहा पट बरं. तुम्ही नाटकातला घोडा बंद करा, तो घोडा रानात मोकळा फिरणार नाही, तो डीजेपुढं जाणार.

रानमोळी

हे मान्य, वरात जास्त वाईट. पण म्हणून हे चांगलं ठरत नाही. असो, तुम्ही प्रामाणिकपणे सांगताय म्हणून वाचतेय.

जुना_तंबू

औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) लहानपणी सर्कस आली की मी तंबूच्या मागच्या बाजूलाच पडलेला असायचो, त्यामुळं लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडच्या सर्कशीची सुरुवातच घोड्यावरून झालेली आहे. विष्णुपंत छत्रे, मूळ सांगलीकडच्या अंकलखोपचे, कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडं घोडे शिकवायचे. इटालियन सर्कसवाल्या चिआरिनीचे घोड्यांचे खेळ बघून त्यांनी १८८० साली मुंबईत स्वतःची सर्कस काढली. म्हणजे सर्कशीचा मालक आधी चाबुकस्वार होता, वाघ-बिघ सगळे नंतर.

आणि सर्कशीचं रिंगण गोल का, तर तेही घोड्यामुळं. लंडनच्या ॲस्टली नावाच्या माजी घोडदळवाल्यानं १७६८ च्या सुमारास गोल रिंगणात खेळ सुरू केले. गोलात पळणाऱ्या घोड्यावर उभं राहिलं की आत झुकून तोल धरता येतो, सरळ पळणाऱ्या घोड्यावर ते अवघड. पुढं ४२ फूट व्यास हे माप ठरलं आणि ते जगभर चाललं, त्यामुळं घोडा कुठल्याही देशातल्या कुठल्याही तंबूत गेला तरी रिंगण त्याच्या ओळखीचं. तुमच्या महानाट्याची अडचण मला इथंच दिसते, दर गावी मैदान वेगळं, रॅम्प वेगळा, घोड्याला रोज नवीन घर.

पाठीवर उभे राहणारे खेळाडू घोड्याच्या पाठीला राळेची पूड चोळायचे, पाय सरकू नये म्हणून. ती पूड नंतर खरारा करून काढायचं काम ज्या पोराचं असायचं त्याच्याशी माझी दोस्ती होती. त्याला घोडा एकाच लयीत पळतोय की नाही हे डोळे मिटून कळायचं. मला रिंगणातल्या बाईपेक्षा तोच भारी वाटायचा.

सातासमुद्रापार_नांदेडी

इकडं फ्रान्सला नोकरीला आहे. पॅरिसच्या बाहेर ओबेरविलिए म्हणून जागा आहे, तिथं बार्ताबास नावाच्या माणसाचं झिंगारो हे घोड्यांचंच थिएटर आहे, १९८९ पासून त्यांची कायमची लाकडी इमारत. तबेला थिएटरला लागूनच. आणि त्याच माणसानं २००३ मध्ये व्हर्सायच्या राजाच्या जुन्या पागेत अकॅडमी काढली, तिथं घोडेस्वारीबरोबर गाणं, तलवारबाजी, जपानी धनुर्विद्यासुद्धा शिकवतात. व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल तर अजून जुनी, त्यांचा हॉल १७३५ चा. तिथले लिपिझान घोडे जन्मतात काळे-करडे आणि वयानं पांढरे होत जातात, आणि पूर्ण स्वार व्हायला माणसाला कित्येक वर्षं लागतात, सुरुवात लीद काढण्यापासून.

मला तिथं बघून हेच डोक्यात आलं की तिकडं लीद काढणारा आणि लाईटमध्ये येणारा एकच माणूस असतो, निदान काही वर्षांच्या अंतरानं तरी. आपल्याकडं ते दोघं वेगळे, आणि लीद काढणारा आयुष्यभर तिथंच.

पागेकर_परभणी

दादा तुम्ही बरोब्बर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. पैशाचं लिहायचं नव्हतं पण आता लिहितो.

कॉन्ट्रॅक्टर घोड्याचा रेट ठरवतो, घोड्यामागं इतके. मोतद्दार त्या रेटमध्येच धरलेला असतो, खोगिरासारखा. म्हणजे स्टेजवर पगडी घालून काम करणाऱ्या माणसाचं वेगळं मानधन नाही, कलाकारांच्या जेवणाच्या कुपनातबी नाव नाही, मामा दर वेळी मॅनेजरकडं जाऊन मोतद्दारांची कुपनं भांडून आणतो. शेवटी सगळ्या कलाकारांची नावं माईकवर घेतात, तेव्हा आम्ही मागं घाम पुसत असतो घोड्यांचा. नाव घ्या असं आमचं म्हणणं नाही. पण एन्ट्री कधी हे ठरवताना तरी मोतद्दाराला विचारा ना. दिग्दर्शक नटाला विचारतो तयार का, नट हो म्हणतो, आणि त्याच्या खालचं घोडं चारी पायावर थरथरत असतं.

आमच्यातले एक काका हायत, लगाम धरल्या धरल्या सांगतात, आज हा जाणार नाही. मॅनेजरनं ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर काका गुपचूप घोडा बदलतात. प्रेक्षकांना पांढऱ्याच्या जागी कुमेत (तांबूस तपकिरी) आलेला कळतबी नाही.

तेरणाकाठची_वैशू

कुपनांचं वाचून वाईट वाटलं. आणि रात्री कुठं झोपता तुम्ही लोक?

पागेकर_परभणी

घोड्यांपाशीच. कुत्री येतात, बारकी पोरं येतात, आणि सेल्फीवाले तर रात्री बारालाबी येतात. पहिल्या रात्री एकबी घोडं आडवं होत नाही, सगळे उभेच. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री एखादं बसतं, मग मामा म्हणतो आता जागा मानवली.

उदगीरचा_डॉक्टर

घोडा उभ्या उभ्या डुलकी घेऊ शकतो, पायाचे सांधे कुलूप लागल्यासारखे धरून ठेवायची रचना असते त्याच्यात. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि भरवसा नसेल तर तो होत नाही. चार-चार रात्री आडवा न झालेला घोडा दिवसा उभ्या उभ्या गुडघ्यात मोडतो. पुढचे गुडघे खरचटलेले दिसले तर हे कारण असू शकतं, दर वेळी ठेचच लागलेली नसते.

सेल्फीवाल्यांवरून आठवलं, ते काय खायला घालतात तिकडं लक्ष ठेवा. पेढे, चपात्या, गव्हाचं पीठ. घोड्याला उलटी करता येत नाही, गेलं ते गेलं. धान्य जास्त झालं की पोटशूळ, नाहीतर खुरात सूज. घोडा वळून पोटाकडं बघतोय, जमीन उकरतोय, सारखा लोळतोय, लीद बंद, असं दिसलं की वैरण काढून घ्या आणि डॉक्टरला फोन करा, प्रयोग गेला खड्ड्यात. तेल-बिल पाजत बसू नका, श्वासनलिकेत गेलं तर वेगळंच संकट.

लोह्याचा_गडी

डॉक्टर, जत्रेत ग्लँडर्सची (घोड्यांच्या साथीच्या रोगाची) तपासणी करतेत ती नाटकाच्या घोड्यांना पण लागती का?

उदगीरचा_डॉक्टर

जिथं वेगवेगळ्या गावचे घोडे एका दावणीला येतात तिथं ती करूनच घ्यावी. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि घोड्यात निघाला तर घोडा मारावा लागतो, उपचार करायची परवानगी नाही. २००९ च्या कायद्यानुसार कळवणं बंधनकारक. आपल्याकडं अडचण अशी की सामाईक बादलीनं पाणी पाजतात. निदान प्रत्येक मालकानं आपली बादली आपला तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) वेगळा ठेवा, एवढं तरी फुकटात होतं.

पागेकर_परभणी

बादल्या आम्ही रंगानं वेगळ्या केल्यात, दुसऱ्या मालकाचे लोक हसतात. हसू द्या.

बारावीचा_पोरगा

दादा मी पूर्ण्याचा हाय, मला हे काम शिकायचंय. स्टेजवर यायची हौस नाही, घोड्याचीच हाय. घरचे म्हणतात खुळा झालास. कुठं यावं?

पागेकर_परभणी

आधी परीक्षा दे बाबा. मग माळेगावच्या जत्रेला ये, मामा खंडोबाच्या दर्शनाला चुकत नाही, तिथं दावणीवर विचार. पहिले काही महिने लीद आणि खरारा, लगाम हातात मिळणार नाही. मागून जायचं नाही, बाजूनं बोलत बोलत जायचं. मोबाईल खिशात. आणि खाताना त्याच्या तोबऱ्याला हात लावायचा नाही.

उदगीरचा_डॉक्टर

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊन जा रे. तबेल्याची माती, लीद, गंजके खिळे, तिथं ते जंतू असतातच. घोड्यांनाही टोचलेलं आहे का ते मामांना विचार, घोड्याला धनुर्वात माणसापेक्षा लवकर धरतो.

बारावीचा_पोरगा

घेतो सर. सरकारी दवाखान्यात मिळतं ना?

उदगीरचा_डॉक्टर

मिळतं. कार्ड जपून ठेव, तारीख लिहून घे.